वर्गात कोणाला काय कळलंय ते मोबाईलवर कसं बघायचं?

सर, मॅडम, शाळेतून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, टॅब किती घ्यावे लागतील? पहिली ते चौथीसाठी एकही नको. टॅब आम्हीच विकतो तरी सांगतोय, शिक्षकांचा एक मोबाईल पुरतो.

प्लिकर्स नावाचं अ‍ॅप आहे. प्रत्येक पोराच्या हातात एक कागदी कार्ड, त्यावर काळी नक्षी आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी. तुम्ही प्रश्न विचारायचा, पोरं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतात, मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते लगेच स्क्रीनवर येतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते त्यामुळं शेजारच्याचं बघून काही उपयोग होत नाही, आणि जे पोरगं वर्षभर हात वर करत नाही त्याचंही उत्तर तुम्हाला मिळतं, आमच्या मते खरा फायदा हाच. कार्डं स्वतः छापणार असाल तर चकचकीत लॅमिनेशन तेवढं करू नका, उजेड पडला की स्कॅन होत नाही.

पण प्रश्न नीट काढला नाही तर अ‍ॅप असून नसून सारखंच. 52 वजा 38 घ्या. बरोबर उत्तर 14. बाकीचे पर्याय 26, 24 आणि 90 ठेवा. 26 म्हणणारं पोरगं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, वर कोणता खाली कोणता ते बघतच नाही. 24 वाल्यानं दशक सुटा केला पण एक दशक कमी करायला विसरला, आणि 90 वाल्यानं चक्क बेरीज केलीय. तिघांचंही चुकलं, पण तिघांना शिकवायचं वेगवेगळं. नुसते मार्क मांडले असते तर तिघंही नापास एवढंच कळलं असतं. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता पोरांची प्रगती टिपायच्या वहीत हीच नोंद लिहा, कामाची आहे.

वाचनासाठी तर नेटही लागत नाही, त्यामुळं गगनबावडा, शाहूवाडीकडं रेंज नसलेल्या वाडीवरच्या शाळेतही जमतं. मोबाईलचा रेकॉर्डर लावून एक मिनिट वाचून घ्या, नंतर बरोबर वाचलेले शब्द मोजा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं धरलंय. म्हणून वाचून झालं की दोन प्रश्न विचाराच, धडाधडा वाचणाऱ्याला गोष्टीत काय झालं ते सांगता येत नाही असं बऱ्याचदा होतं.

एक कळकळीची विनंती, पोरांचे निकाल आणि रेकॉर्डिंग पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, ज्याचं त्याच्या पालकांना बोलावून दाखवा.

कार्डांचा संच आमच्याकडं मॅट कागदावर छापून मिळतो, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमचा माणूस येऊन तुमच्याच मोबाईलवर सगळं लावून, शिकवून जाईल. येताना प्रश्न आम्ही आणत नाही, त्या आठवड्यात वर्गात जे शिकवलं असेल त्यावरचे पाच प्रश्न तुम्ही काढून ठेवा.