वर्तनव्यसन

दारू, तंबाखू, अफू असा कोणताही पदार्थ पोटात गेलेला नसताना एखादी कृतीच माणसाला आपल्या कह्यात घेते, तेव्हा त्या अवस्थेला वर्तनव्यसन म्हणतात. बोलताना जुगार, गेम, समाजमाध्यमे, ऑनलाइन खरेदी या सगळ्यांनाच आपण व्यसन म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मात्र यांपैकी जुगार आणि गेम या दोनच गोष्टींची व्यसनविकार म्हणून स्वतंत्र नोंद आहे.

पदार्थाविना व्यसन ही कल्पना आपल्या भाषेला नवी नाही. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकटही, आणि जुन्या ग्रंथांत मद्यपान व द्यूत एकाच पंक्तीला बसतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४ वे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. आता खेळायचे नाही असा तो निश्चय करतो, पण फासे खुळखुळले की पुन्हा तिकडेच ओढला जातो. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाला हे कथन रोजच्या ओळखीचे वाटेल. वैद्यकशास्त्र इथवर यायला वेळ लागला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९८० मध्ये जुगाराची दखल घेतली, ती आवेगावरचा ताबा सुटण्याचा विकार म्हणून. व्यसनांच्या प्रकरणात तो आला २०१३ मध्ये. गेमविकाराचा समावेश असलेले जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. निरोगी छंदावरही रोगाचा शिक्का बसेल, असा आक्षेप काही संशोधकांनी तेव्हा घेतला होता. तो रास्त होता, आणि म्हणूनच निदानाचे निकष नीट समजून घ्यायला हवेत.

या निकषांत तासांचा हिशेब कुठेच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडून खेळच पुढे येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे साधारणपणे १२ महिने टिकले आणि त्याने घर, शिक्षण किंवा काम खरोखर विस्कटले, तर निदान होते. एक मुलगा सुट्टीत सहा तास खेळतो, पण हाक मारली की उठतो, जेवतो, मित्रांत रमतो. दुसरा दोनच तास खेळतो, पण त्यासाठी खोटे बोलतो, परीक्षा बुडवतो, फोन काढून घेतला की अंगावर धावून येतो. काळजी दुसऱ्याची करायची. घराघरांत घड्याळावरून जी भांडणे होतात, त्यांत नेमके हेच नजरेतून सुटते.

ओढ लागते ती बक्षिसापेक्षा त्याच्या अनिश्चिततेची. कधी मिळते, कधी नाही, अशा बक्षिसासाठी प्राणी अधिक चिकाटीने धडपडतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले. अंगठा पडद्यावर खाली ओढला जातो, छोटे चक्र क्षणभर फिरते, मग काहीतरी नवे येते किंवा येत नाही. सगळी गंमत त्या क्षणभराच्या वाट पाहण्यात असते. मेंदूतील डोपामाइन हे संदेशवाहक रसायन सुखापेक्षा या अपेक्षेशी अधिक जोडलेले आहे. त्यामुळे एखादी गोष्ट आवडेनाशी झाली तरी हवीहवीशी वाटत राहते. ‘आता मजा येत नाही, पण सुटतही नाही’ हे रुग्णाचे म्हणणे बहाणा नसते. पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या, डोपामाइनसारखे काम करणाऱ्या काही औषधांमुळे पूर्वी कधी जुगार न खेळलेल्या माणसांनाही त्याचा नाद लागल्याची उदाहरणे आहेत. औषध कमी किंवा बंद केल्यावर तो बहुधा ओसरतो. व्यसनाला केवळ चारित्र्याचा दोष मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

नैराश्य, चिंताविकार, अतिचंचलता आणि एकटेपणा ही वर्तनव्यसनाची नेहमीची सोबत. आधी काय आले हे सांगणे अनेकदा कठीण असते. उदास माणूस रात्री पडद्यात आसरा शोधतो, झोप मोडते, मोडलेल्या झोपेने दुसरा दिवस आणखी जड जातो. जुगारात कर्ज आणि लपवाछपवीची भर पडते. आत्महत्येचे विचारही या रुग्णांत बरेच अधिक आढळतात. त्याबद्दल थेट विचारावे. विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

उपचारांत बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी ओळखून बदलण्याची पद्धत, आणि समदुःखी गटांचा आधार यांवर भर असतो. सोबतच्या नैराश्यावर वेगळे उपचार करावे लागतात. कुटुंबाने जुगाऱ्याचे कर्ज गुपचूप फेडत राहणे मायेपोटी होते, पण त्याने खेळ लांबतो. दारू पूर्ण सोडता येते, फोन बहुतेकांना सोडता येत नाही. म्हणून तिथे कोणते ॲप, कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत उघडले जाते, याची नोंद ठेवून एकेक वाट बंद करतात. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिच्याशी झगडण्याऐवजी छातीतली धडधड, हातांची चुळबुळ नुसती पाहत थांबायला रुग्णाला शिकवतात. पुन्हा घसरण झाली तर उपचार फसले असे धरत नाहीत. त्या दिवशी आधी काय घडले होते, तिथून पुढच्या भेटीत बोलणे सुरू होते.