संगणकाची आपोआप इंटरनेट जोडणी

वापरकर्त्याने ब्राउझर किंवा ईमेलचा प्रोग्रॅम उघडलेला नसतानाही संगणकाने स्वतःहून इंटरनेटशी संपर्क साधू पाहणे, याला आपोआप जोडणी म्हणता येईल. डायल-अपच्या, म्हणजे दूरध्वनी लाइनवरून नंबर फिरवून इंटरनेट जोडण्याच्या काळात मोडेम अचानक नंबर फिरवू लागे किंवा जोडणीची परवानगी मागणारी चौकट पडद्यावर येई. ब्रॉडबँड आणि वाय-फाय आल्यावर जोडणी सतत चालूच राहू लागली, त्यामुळे हेच वर्तन आता डेटाच्या अनपेक्षित खपातून किंवा फायरवॉलच्या (नेटवर्कवरील ये-जा तपासून अडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सूचनेतून लक्षात येते. अशा प्रत्येक प्रयत्नामागे कोणता तरी प्रोग्रॅम असतो. तो न ओळखताच जोडणी बंद करत सुटल्यास लक्षण दबते आणि कारण तसेच राहते.

डायल-अप वापरणाऱ्या विंडोज संगणकांत हा त्रास बहुधा मांडणीतून (सेटिंग्जमधून) उद्भवे. ‘इंटरनेट ऑप्शन्स’मधील जोडणीच्या पानावर ‘कधीही डायल करू नये’, ‘नेटवर्क नसेल तेव्हा डायल करावे’ आणि ‘नेहमी ठरलेली जोडणी डायल करावी’ असे तीन पर्याय असत. यांतला पहिला निवडला की बहुतेक तक्रारी मिटत. तरीही प्रयत्न चालूच राहिले, तर ‘रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर’ या सेवेकडे, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमकडे पाहावे लागे. पूर्वी एखाद्या पत्त्यासाठी कोणती जोडणी वापरली होती याची नोंद ही सेवा ठेवते आणि तो पत्ता पुन्हा मागितला गेला की तीच जोडणी सुचवते. नेटवर्कवरील फोल्डरकडे नेणारा एखादा विसरलेला शॉर्टकटही तिला जागे करण्यास पुरेसा होई.

आजच्या प्रणालींतील बहुसंख्य आपोआप संपर्क निरुपद्रवी असतात. प्रणालीची अद्यतने, विषाणुरोधकाच्या नव्या व्याख्या (विषाणू ओळखण्याच्या खुणांच्या याद्या), घड्याळ जुळवणे (यासाठी एनटीपी ही संगणकांमधील ठरलेली संवादपद्धत आणि १२३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित द्वार, वापरले जाते), क्लाउडमधील फायलींची जुळणी आणि ब्राउझरच्या पार्श्वभूमी सेवा ही त्यांची नेहमीची कारणे होत. विंडोज व्हिस्टापासून तर प्रणाली स्वतःच मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक लहानशी मजकूर-फाइल मागवून इंटरनेट खरोखर उपलब्ध आहे का, याची खात्री करून घेते. ही चाचणी म्हणजे हेरगिरी नव्हे, मात्र तिची माहिती नसलेल्याला तसा संशय येणे स्वाभाविक आहे.

शोधाची सुरुवात वेळेपासून करणे फायद्याचे ठरते. प्रयत्न संगणक सुरू होताच होतो, ठरावीक अंतराने होतो की एखादा विशिष्ट प्रोग्रॅम उघडल्यावर होतो, एवढे कळले तरी संशयितांची यादी बरीच आखूड होते. त्यानंतर विंडोजमध्ये प्रशासकीय अधिकारांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ‘ए’, ‘एन’ आणि ‘ओ’ या पर्यायांसह दिली असता चालू जोडण्या, पलीकडच्या संगणकांचे आयपी पत्ते (नेटवर्कवरील क्रमांक) आणि प्रत्येक जोडणीमागील प्रक्रियेचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक दिसतो. हा क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधला की प्रक्रियेचे नाव मिळते. मात्र ते नाव ‘एसव्हीसीहोस्ट’ निघाले, तर शोध तिथेच थांबवता येत नाही, कारण हा निव्वळ यजमान असून त्याच्या आत एक किंवा अनेक सेवा चालू असतात. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून ३.५ गिगाबाइटहून अधिक रॅम असलेल्या संगणकांत बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रक्रिया मिळू लागली आणि हे काम पुष्कळ सोपे झाले. क्षणभरच टिकणाऱ्या जोडण्या नेटस्टॅटच्या एका झलकेत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी सतत ताजी होणारी यादी दाखवणारे विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर किंवा ‘टीसीपीव्ह्यू’ हे साधन अधिक उपयोगी पडते. लिनक्समध्ये ‘एसएस’ आणि मॅकओएसमध्ये ‘एलएसओएफ’ या आज्ञा असेच काम करतात.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी निम्मे तात्पुरते बंद करून पाहावेत आणि प्रयत्न थांबतो की नाही त्यानुसार उरलेल्यांची पुन्हा विभागणी करत जावी. ही पद्धत कंटाळवाणी असली तरी खात्रीची आहे. मात्र या वेळी टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारे विंडोजचे साधन) तपासायला विसरू नये, कारण तेथील कामे सुरुवातीच्या प्रोग्रॅमांच्या यादीत दिसत नाहीत.

घातक सॉफ्टवेअरची शक्यता अर्थातच उरते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ‘डायलर’ प्रकारचे प्रोग्रॅम मोडेमला गुपचूप महागडे दूरध्वनी क्रमांक लावायला लावत आणि त्याचा पत्ता बिल आल्यावरच लागे. आजचे घातक प्रोग्रॅम साध्या वेब-वाहतुकीआड दडून आपल्या नियंत्रक सर्व्हरशी (हल्लेखोरांकडून आज्ञा देणाऱ्या संगणकाशी) बोलतात. प्रक्रियेची फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये असणे, तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी नसणे किंवा प्रणालीतल्या फाइलशी मिळतेजुळते नाव तिने धारण केलेले असणे ही संशयाची चिन्हे होत, पण यांतले एकटे चिन्ह पुरावा ठरत नाही. अशा वेळी संगणक नेटवर्कपासून वेगळा करून संपूर्ण तपासणी करावी. विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत बाहेरून येणारे अनाहूत संपर्क अडवते, बाहेर जाणारे नाही. त्यामुळे संशयित प्रोग्रॅमला रोखायचे असल्यास त्याच्या नावाने बहिर्गामी नियम स्वतंत्रपणे घालावा लागतो.