कॉलेज बास्केटबॉल: दर एप्रिलला संघ का फुटतो?

२०२४च्या शरद ऋतूत केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मैदानात उतरला तेव्हा आदल्या मोसमातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू त्यात नव्हता. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी आर्कान्सॉ विद्यापीठाला गेले होते. काही पोरं त्यांच्यामागे गेली, काही एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये, उरलेली भलतीकडे. नवे प्रशिक्षक मार्क पोप यांनी अख्खा संघ बाहेरून गोळा केला. अमेरिकेतले चाहते ज्यावरून कावलेत ते हेच: जर्सीवरचं नाव पाठ होईस्तोवर पोरगा दुसऱ्या गावी.

राग खेळाडूंवर निघतो, पण कुलूप उघडलं ते नियमांनी आणि कोर्टांनी.

पूर्वी बदली करणाऱ्याला एक अख्खं वर्ष सामने खेळता येत नसत, नुसता सराव. शिवाय दुसऱ्या विद्यापीठाशी बोलायला आधी आपल्याच विद्यापीठाची परवानगी लागे, आणि नको त्या विद्यापीठांची नावं प्रशिक्षक खुशाल खोडत. प्रशिक्षकाला स्वतःला मात्र जादा पगारावर दुसऱ्या दिवशी निघून जाता येई.

पहिला तडा एनबीएकडून गेला. २००६च्या ड्राफ्टपासून, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीपासून, शाळेतून थेट एनबीएत जायची वाट बंद झाली. वय किमान १९ आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. म्हणून अव्वल पोरं एका मोसमापुरती कॉलेजात येऊ लागली. तरी हे मूठभरांचं होतं.

ऑक्टोबर २०१८मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंची यादी, आलं. खेळाडूने विद्यापीठाला लेखी कळवायचं, विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव यादीत चढवायचं. नाव चढलं की कुठलाही प्रशिक्षक त्याला थेट फोन करू शकतो. परवानगीची भानगड संपली. यात धोकाही आहे: नाव मागे घेता येतं, पण जुन्या विद्यापीठाने जागा राखलीच पाहिजे असं नाही, आणि चालू सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती काढून घेता येते. दोन्हीकडून हुकलेले थोडे नाहीत.

खरा स्फोट २०२१चा. एप्रिलमध्ये पहिल्या बदलीसाठी ते वाया जाणारं वर्ष रद्द झालं. १ जुलैपासून स्वतःचं नाव आणि छबी वापरू देऊन पैसे कमवायची मुभा मिळाली. दोन निर्णय वेगवेगळे, पण एकत्र आल्यावर बाजार उभा राहिला. २०२२च्या एप्रिलमध्ये नायजेल पॅक कॅन्सस स्टेट सोडून मायामीला गेला, तेव्हा दोन वर्षांचे ८ लाख डॉलर आणि एक गाडी, असा सौदा प्रायोजकाने स्वतःच जाहीर केला. लगेच मायामीच्याच आयझाया वाँगच्या एजंटने रक्कम वाढवा, नाहीतर पोरगा पोर्टलमध्ये जाईल, असं सांगितलं. वाँग शेवटी राहिला. पण सौदेबाजी उघड्यावर आली ती आलीच.

दुसऱ्या बदलीला तरी वर्ष जाईल, ही शेवटची आडकाठी. डिसेंबर २०२३मध्ये सात राज्यांच्या दाव्यावर वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने तिला स्थगिती दिली. एप्रिल २०२४मध्ये कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेने ती काढूनच टाकली. अभ्यासात पात्र असलात की दर वर्षी बदला. २०२५च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठंच सगळ्या खेळांत मिळून वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना देऊ लागली.

घोडं पेंड खातं ते इथे. आयपीएलच्या मोठ्या लिलावाआधीसुद्धा संघाला काही खेळाडू राखता येतात. इथे खेळाडू कायद्याने नोकरदार नाही, त्यांची मान्यताप्राप्त संघटना नाही, त्यामुळे सर्वांना बांधणारा सामूहिक करार नाही. एनसीएए नियम करते, कोणीतरी कोर्टात जातं, नियम पडतो. मग उरतं ते मुदतीशी खेळणं: पोर्टलची खिडकी आधी ६० दिवस, मग ४५, २०२५मध्ये ३०. तीही त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा चालू असतानाच उघडली होती, म्हणजे हातातल्या सामन्याची आखणी आणि पुढच्या वर्षाची खरेदी एकाच आठवड्यात.

फटका दोघांना. शाळेतून येणाऱ्या १८ वर्षांच्या पोराऐवजी प्रशिक्षक २२ वर्षांचा तयार खेळाडू उचलतो. आणि लहान विद्यापीठं मोठ्यांची नर्सरी होतात. २०२५च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या १६ संघांत बड्या चार परिषदांबाहेरचा (परिषद म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एकही नव्हता.

त्याच वर्षी फ्लोरिडाला जेतेपद मिळवून देणारा वॉल्टर क्लेटन आयोना या छोट्या विद्यापीठातून आलेला. २०२३मध्ये तो तिथून निघाला खरा, पण त्याआधीच त्याचे प्रशिक्षक रिक पिटिनो सेंट जॉन्सला गेले होते.