आधी बुंधा, मग ट्रे

बोन्सायसाठी नर्सरीत रोप निवडायला गेलात, की आधी खाली बसा. पालवी, फुलं, सुबक आकार हे सगळं नंतर पाहता येईल. बोटांनी वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बाजूला सारून खोड मातीत शिरतं ती जागा उघडी करा. बुंधा तिथे रुंदावलेला असेल, मुळं चारी अंगांना फाकलेली असतील आणि खोड वर जाता जाता निमुळतं होत असेल, तर वरचा पसारा कितीही वेडावाकडा असो, ते रोप उचला. अशी रोपं बहुधा मागच्या रांगेत सापडतात, बरीच वर्षं कुणी न नेलेली. मी बघायला सुरुवात तिथूनच करते.

फांद्या नव्याने आणता येतात, पानं तर येतच राहतात. जाड बुंध्याला मात्र वर्षं द्यावी लागतात. सालीच्या आत कॅम्बियम नावाचा पेशींचा अतिशय पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला अन्न वाहून नेणारी ऊती. या कामासाठी लागणारी साखर पानं पुरवतात. पानं भरपूर आणि मुळांना जागा मोकळी, तर खोड झपाट्याने भरतं. बोन्सायच्या उथळ ट्रेमधल्या, सतत छाटल्या जाणाऱ्या झाडाकडे यातलं काहीच नसतं, म्हणून कोवळं रोप थेट ट्रेमध्ये लावलं तर ते कित्येक वर्षं काडीसारखंच राहतं. नर्सरीतल्या जुन्या रोपाने ही वर्षं आधीच घातलेली असतात. आपण मोठं झालेलं झाड कापून लहान करायचं. त्याच्या जनुकांत यामुळे काहीच बदल होत नाही; तेच झाड उद्या जमिनीत लावलं, तर पुन्हा ताडमाड वाढायला लागेल.

आता कात्री. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन हे संजीवक तयार होतं आणि खोडातून खाली उतरतं. त्याच्या प्रभावामुळे खालच्या पेरांवरचे डोळे झोपून राहतात. केनेथ थिमन आणि फोक स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ साली बाकल्याच्या रोपांवर हे दाखवून दिलं: शेंडा कापला की बगलेतले डोळे फुटतात, पण कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं तर ते दबलेलेच राहतात. शेंडा खुडला की बगलफूट येते हे शेतकरी आणि माळी फार आधीपासून जाणून होते. या प्रयोगाने त्यामागचं रसायन हाती दिलं. बोन्सायची जवळजवळ सगळी छाटणी याच एका गोष्टीवर उभी आहे. उंच खोड खालच्या एखाद्या जोमदार फांदीच्या वर कापायचं, ती फांदी उभी करून तिलाच नवा शेंडा बनवायचं. जाड बुंध्यावर बारीक शेंडा आला की झाड एकदम जुनं वाटू लागतं.

पण सगळी झाडं सारखी फुटत नाहीत. वड-पिंपळाच्या जवळचं फायकस नुसत्या खोडावरूनही पालवतं. जुनिपर आणि पाइन या सूचिपर्णी झाडांच्या उघड्या, जुन्या लाकडावर मात्र सहसा नवे डोळे येत नाहीत. जी फांदी हवी, तिच्यावर हिरवं शिल्लक ठेवावंच लागतं. म्हणून पहिल्या झाडासाठी मी फायकस सुचवते. हात चुकला तरी ते सावरतं.

पान लहान असलेलीच जात घ्या. फांद्यांना फाटे फुटत गेले, की पानांचा आकार बऱ्यापैकी कमी होतो. फुलं आणि फळं मात्र आपल्या मूळ मापाचीच राहतात.

मुळांपाशी सर्वात जास्त झाडं दगावतात. नर्सरीच्या कुंडीत मुळं गोल गोल फिरून गुंता करतात. तो काडीने हळूहळू विंचरायचा, खाली जाणारी जाड मुळं आखूड करायची आणि तंतुमुळं जपायची, कारण पाणी मुख्यतः तीच ओढतात. थंड हवामानातल्या झाडांसाठी डोळे फुटण्याच्या थोडं आधी, आणि फायकससाठी ऐन उबेच्या, वाढीच्या दिवसांत हे काम करावं. फांद्यांची मोठी छाटणी आणि मुळांची छाटणी एकाच वेळी करू नये. नव्या मुळांना लागणारी साखर पानांतून येते आणि पानांना लागणारं पाणी मुळांतून. दोन्हीकडून कापलं, तर झाडाने सावरायचं कशाच्या जोरावर? माझं पहिलं जुनिपर असंच गेलं. फांद्या, मुळं, तार, सगळं एका दुपारी उरकलं होतं. पुढचे काही आठवडे ते हिरवंच दिसत होतं आणि मी खुशीत होते. मुळं मेल्यावरही जुनिपर बराच काळ हिरवं राहतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

कुंडीतल्या पाण्याचं गणित अनेकांना उलटं वाटतं, म्हणून घरी एक प्रयोग करून पाहा. स्पंज पाण्याने पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. केशाकर्षणामुळे माती तळाशी पाण्याचा एक थर धरून ठेवते आणि या थराची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. उंच कुंडीत तो थर तळाशी राहतो आणि वरच्या मुळांना हवा मिळते. तीच माती उथळ ट्रेमध्ये घातली, तर जवळजवळ सगळी मुळं त्याच थरात बुडतात आणि कुजतात. वापसा, म्हणजे मुळांना ओल आणि हवा दोन्ही, हवा असेल तर कण मोठे हवेत: चाळून धूळ काढलेले, दोन ते सहा मिलिमीटरचे प्युमिस किंवा लाव्हा या सच्छिद्र ज्वालामुखी दगडांचे, नाहीतर विटांचे तुकडे. तळाला खड्यांचा थर देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने पाणी खाली जात नाही, उलट साचलेला थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

तारेबद्दल थोडक्यात. फांदीला हवं तसं वळण देण्यासाठी तिच्याभोवती गुंडाळायची ॲल्युमिनियमची तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्यावी. वाकवलेल्या फांदीवर नव्या लाकडाचे थर चढतात आणि वळण पक्कं होतं. त्याला काही महिने जातात. तार सालीत रुतायच्या आत ती तुकडे करून काढा. उलटी गुंडाळत सोडवायला गेलात तर फांदी मोडण्याचा धोका असतो.

पहिली दोन-तीन वर्षं झाड उन्हा-वाऱ्यात, साध्या, जरा ऐसपैस कुंडीतच राहू द्या. खोड कापलेली जागा अधूनमधून निरखत राहा. माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. ॲलेक्स शिगो या वृक्षशास्त्रज्ञाने दाखवल्याप्रमाणे झाड इजा झालेलं लाकूड आतून बंदिस्त करतं आणि त्यावर कडेने नवं लाकूड चढवत नेतं. कापाच्या कडेला सालीची गुबगुबीत वळी दिसू लागली आणि ती मधल्या बाजूला सरकू लागली, की कॅम्बियम जोमाने कामाला लागलेला आहे. ट्रे शोधायला तेव्हा निघा.