शाळा आणि कारखान्याची सोयरीक कशी जमली : थोडी पार्श्वभूमी

कुठल्याही भागातल्या बेरोजगारीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. कंपनीवाले म्हणतात पोरांना काही येत नाही, आणि शाळा-कॉलेजवाले म्हणतात तुम्हाला काय हवंय ते तुम्ही कधी येऊन सांगता का. ही तक्रार सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे आणि तिच्यावर लोकांनी मनापासून काम करून उत्तरंही शोधलीयत, काही टिकली, काही चार-पाच वर्षांत विरून गेली. हा सगळा इतिहास वाचताना मला एक गोष्ट परत परत दिसते. शिकवणार कोण, तेवढ्या काळाचा खर्च कोणाचा, आणि शेवटी सर्टिफिकेटवर सही कोणाची, हे तीन प्रश्न जिथे आधीच कागदावर सोडवले तिथे जोडी जमली, बाकी ठिकाणी नुसते करार झाले.

आधी ही अडचणच नव्हती, कारण शाळा आणि काम वेगळं नव्हतं. पोरगा उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करायचा, तिथेच राहायचा, तिथेच शिकायचा. इंग्लंडमध्ये तर १५६३ च्या कायद्याने ठरावीक धंद्यांसाठी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती, आणि ती सक्ती १८१४ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत यंत्रं आली होती, एका कारागिराच्या कामाचे दहा तुकडे होऊन एकेका मजुराकडे गेले होते, त्यामुळे पूर्ण धंदा शिकवायची मालकाला गरजच उरली नाही, आणि पोरं उमेदवार या नावाखाली स्वस्तात राबायला लागली. दुसरीकडे सरकारी शाळा वाढल्या पण तिथे लिहा-वाचायला शिकवायचे, हाताचं काम नाही. दोघांमधला धागा तुटला तो असा.

तो परत जोडायचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. तिथे प्रश्न फार थेट विचारला गेला होता, पोरगं चौदाव्या वर्षी शाळा सोडतं आणि विसाव्या वर्षी सैन्यात जातं, मधल्या वर्षांत त्याचं करायचं काय? १९०१ मध्ये याच विषयावरच्या निबंध स्पर्धेत गेऑर्ग केर्शेनस्टायनर यांना बक्षीस मिळालं. ते म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख होते, १८९५ पासून १९१९ पर्यंत. काम करणाऱ्या पोरांसाठी तेव्हा ज्या पुरवणी शाळा होत्या त्यांत प्राथमिक शाळेतलंच परत घोटून घ्यायचे आणि पोरं कंटाळायची. केर्शेनस्टायनरांनी १९०० पासून त्या धंद्यानुसार लावल्या, बेकरीवाल्यांचे वर्ग वेगळे, खाटकांचे वेगळे, चांभारांचे वेगळे, आणि गणितसुद्धा त्या त्या धंद्याच्या हिशोबातूनच शिकवायचं. त्या त्या धंद्याच्या संघटनांना त्यांनी यात सहभागी करून घेतलं, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे, कारण मालक स्वतः त्यात गुंतल्यावर ही शाळा आपली नाही असं तो म्हणू शकत नाही.

अमेरिकेतली गोष्ट मला जास्त जवळची वाटते कारण ती अगदी छोट्यातून सुरू झाली. हर्मन श्नायडर हे सिनसिनाटी विद्यापीठात इंजिनियरिंगचे प्राध्यापक. त्यांच्या लक्षात आलं की शिकता शिकता कुठेतरी काम केलेली मुलं पुढे जास्त चांगले इंजिनियर होतात. मग त्यांनी कल्पना मांडली की मुलांच्या जोड्या करायच्या, एक वर्गात तर दुसरा कारखान्यात, आणि ठरावीक दिवसांनी अदलाबदल, म्हणजे कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नाही आणि मालकाची कुरकुर होत नाही. विद्यापीठाच्या मंडळाने परवानगी दिली पण एका वर्षापुरती, आणि ठरावातच लिहून टाकलं की हे फसलं तर जबाबदारी आमची नाही. १९०६ मध्ये २७ मुलांवर सुरुवात झाली. आज जगभर इंजिनियरिंग कॉलेजांमध्ये को-ऑप नावाने जे चालतं त्याचं मूळ हेच.

श्नायडर यांचं भाषण ऐकून अमेरिकेच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फिचबर्ग या गिरण्या-कारखान्यांच्या गावच्या कारखानदारांनी तीच पद्धत १९०८ मध्ये थेट हायस्कूलमध्ये आणली, आणि त्यांनी एक बारीक गोष्ट केली ती मला फार आवडते. पहिलं वर्ष पूर्ण शाळेत, पुढची तीन वर्षं एक आठवडा शाळा आणि एक आठवडा कारखाना. पण दर शनिवारी सकाळी ११ वाजता शाळेचा आठवडा संपवलेला मुलगा कारखान्यात जायचा, आपल्या जोडीदाराच्या मशीनपाशी उभा राहायचा, आणि काम कुठपर्यंत आलंय, पुढे कसं न्यायचं हे त्याच्याकडून समजून घ्यायचा, म्हणजे सोमवारी सकाळी तो त्याच तुकड्यावर हात घालणार. पगार तासावर मिळायचा आणि दर वर्षी वाढायचा. शाळेचं टाइमटेबल आणि कारखान्याची पाळी यांची गाठ नेमकी कुठे पडते, तर शनिवारी अकराला, मशीनजवळ. एवढं स्पष्ट उत्तर मला नंतरच्या मोठमोठ्या योजनांत क्वचित सापडलं.

आता वादाकडे येऊ, कारण तो आजही संपलेला नाही. मुलांना उद्योगांना हवं तसं तयार करा असं डेव्हिड स्नेडन म्हणत होते, ते मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त. त्यांना तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१५ च्या सुमारास जाहीर विरोध केला. ड्यूईंचं म्हणणं असं की आहे त्या कारखानदारीत माणूस फिट करणं हे शिक्षणाचं काम नाही, ती कारखानदारी समजून घेऊन बदलता येईल असा माणूस घडवणं हे आहे. हा मुद्दा नुसता पुस्तकी नाही, एका कंपनीच्या एका मशीनवर तयार झालेल्या मुलाचं ती कंपनी बंद पडल्यावर काय होणार हाच तो प्रश्न आहे आणि कारखान्यांच्या गावांना तो नीट कळतो. पण अमेरिकेच्या १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा दिला, त्याचा कारभार मात्र बऱ्यापैकी वेगळा ठेवला, आणि हळूहळू दोन वाटा झाल्या, हुशार मुलांची एक आणि बाकीच्यांची दुसरी. हा शिक्का पुसायला लोक अजून झटतायत.

जर्मनीने ते तीन प्रश्न कायद्यात बांधले. १९६४ मध्ये एका सरकारी समितीच्या अहवालात दुहेरी पद्धत हे नाव आलं आणि १९६९ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाचा देशभराचा कायदा झाला. पोरगा कंपनीशी करार करतो, आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत, भत्ता कंपनी देते, शाळेचा खर्च सरकारचा, आणि परीक्षा ना कंपनी घेते ना शाळा, ती घेतात चेंबर्स, म्हणजे त्या त्या भागातल्या उद्योगांची मंडळं, आणि परीक्षक मंडळात मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षकांचे असे तिघांचे लोक बसतात. प्रत्येक उमेदवाराकडे एक नोंदवही असते, काय काम केलं, शाळेत काय झालं ते तो नियमित लिहितो, कंपनीतला प्रशिक्षक ती तपासून सही करतो, आणि त्या वहीशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. दिसायला साधी वही, पण पोराला वर्षभर नुसतं गोदामात उभं केलं असेल तर ते तिथे दिसतंच.

खर्चाचा प्रश्न सगळ्यात चिवट. मालकाला एकच भीती असते, आपण दोन-तीन वर्षं शिकवायचं आणि तयार झालेला माणूस शेजारच्याने चार पैसे जास्त देऊन पळवायचा. म्हणून ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने उद्योगांकडून लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, घ्यायला सुरुवात केली, जो शिकवेल त्याला त्यातून परत द्यायचं, पुढे ही लेव्ही गोळा करणारी बरीचशी मंडळं गुंडाळली, आणि २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पगारखर्चावर ०.५ टक्के लेव्ही पुन्हा आली. स्थानिक पातळीवरही तसंच झालं, १९९० च्या आसपास प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या एक प्रकारच्या परिषदा, २००१ मध्ये त्या जाऊन दुसरी परिषद, २०१० नंतर आणखी तिसरं काही. शाळेच्या प्राचार्यांनी एका ऑफिसात ओळखी जमवायच्या तोवर त्या ऑफिसची पाटी बदललेली, मग विश्वास बसायचा कसा? जर्मनीतली चेंबर्स मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत.

जपानचा मार्ग वेगळाच. युद्धानंतरच्या कायद्याने तिथे शाळांनाच नोकरी लावून द्यायचं काम करता आलं, त्यातून हायस्कूल आणि ठरावीक कंपन्या यांची वर्षानुवर्षांची नाती तयार झाली, शिक्षक शिफारस करायचा आणि कंपनी त्याच्या शब्दावर घ्यायची. १९९० नंतर मंदी आली, कंपन्यांनी भरती आटवली आणि ज्यांच्या भरवशावर मुलं होती ती नाती बघता बघता सैल झाली.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराची हकीकत मात्र सगळ्यांनी वाचावी अशी आहे. १९८२ मध्ये तिथल्या कंपन्या आणि शाळांनी आकडे घालून करार केला, कंपन्या उन्हाळी कामं आणि पास झालेल्या मुलांना नोकऱ्या देणार, शाळा हजेरी आणि निकाल सुधारणार आणि गळती कमी करणार. शाळांमध्ये बसून मुलांना कामाशी जोडून देणारी माणसंही नेमली. कंपन्यांनी आपला शब्द पाळला, ठरल्यापेक्षा जास्त नोकऱ्या दिल्या, पण गळती काही कमी होईना. १९८८ मध्ये नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा कंपन्या अडून बसल्या, शाळांच्या कारभारात मोजता येतील असे बदल दाखवा मगच सही, आणि बरीच ओढाताण होऊन दुसरा करार झाला. मला यात कोणा एकाची चूक दिसत नाही. नववीत शाळा सोडणाऱ्या मुलाला बारावीनंतरची नोकरी फार लांब वाटते, त्याच्यासाठी करारात काही नव्हतं.

त्यानंतर १९९४ मध्ये अमेरिकेने शाळा ते काम असा केंद्रीय कायदा केला, त्यात शाळेतलं शिक्षण आणि कामावरचं शिक्षण यांच्या जोडीला तिसरा भाग या दोघांची गाठ घालून द्यायच्या कामाचा म्हणून वेगळा धरला होता, पण कायद्याची मुदत २००१ मध्ये संपली आणि पैसाही थांबला. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीच्या साथीने सहा वर्षांची शाळा निघाली, हायस्कूल आणि कॉलेजची दोन वर्षं सलग. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने प्रत्येक भागासाठी कौशल्य आराखडा करायचं काम मालकांच्याच संघटनेकडे दिलं आणि त्या भागातल्या कॉलेजांनी तो आराखडा विचारात घेणं बंधनकारक केलं.