आठातला एक कोअर गेला की

नवा प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, बाजारात आला, की तासाभरात ‘स्टॉक संपला’ अशी पाटी झळकते आणि पाठोपाठ ठरलेली तक्रार येते: कंपनीने मुद्दाम माल दाबून ठेवलाय. मीही चरफडत हे म्हणालो आहे. तीच चिप मग दुसऱ्याच कुणाकडे दीडपट दराने दिसते, आणि संशय पक्का होतो.

पण चिप साबणाच्या वडीसारखी पाडता येत नाही. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, ती शेकडो टप्प्यांत घडते. त्याला साधारण तीन महिने लागतात आणि कारखाने तसेही चोवीस तास चालतात. मागणी वाढली म्हणून जादा पाळी लावायची सोयच नाही.

खरी गंमत आहे ती उताऱ्यात, म्हणजे वेफरवरच्या चिपांपैकी किती धड निघतात त्यात. समजा, एका वेफरवर १४० सूक्ष्म दोष विखुरलेत. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.२. चिप १ चौरस सेंटिमीटरची असेल, तर वेफरवर सुमारे ६४० बसतात. दोष कुठेही पडू शकतो, म्हणून इथे गणितज्ञ पॉयसाँचं सूत्र लागतं: निर्दोष चिपांचं प्रमाण म्हणजे ‘ई’ या गणिती स्थिरांकाचा (सुमारे २.७२) घात, उणे (दोषांची घनता गुणिले क्षेत्रफळ). उत्तर ८२ टक्के, म्हणजे जवळपास ५२५ चिपा. आता चिप ६ चौरस सेंटिमीटरची करा. वेफरवर ९० बसतात, त्यांतल्या ३० टक्के धड निघतात. उरल्या २७! आकार सहापट झाला आणि हाती आलेला माल विसाव्या हिश्श्यावर आला.

(तैवानात यंत्रांनी कुरकुर करू नये म्हणून त्यांच्यावर ‘कुआई कुआई’ नावाच्या मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. नावाचा अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’, आणि मुदत संपलेलं पाकीट चालत नाही. दोष कमी होतात ते मात्र गाळलेल्या हवेमुळे आणि एकेका कणामागे लागणाऱ्या तंत्रज्ञांमुळे.)

म्हणूनच प्रोसेसर विकणाऱ्या एएमडी कंपनीने मोठी चिप तोडून लहान चिपलेट केले. ५ नोव्हेंबर २०२० ला आलेल्या तिच्या रायझन ५००० या प्रोसेसर-मालिकेतला चिपलेट जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा, त्यात ८ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग. एखादा कोअर बिघडला, तरी चिपलेट फेकत नाहीत. दोन कोअर बंद करून तो ६ कोअरचा म्हणून विकतात. ही झाली प्रतवारी. मालिकेतल्या सर्वांत वरच्या ५९५०एक्स या मॉडेलला असे दोन चिपलेट लागतात, सोळाच्या सोळा कोअर धड, शिवाय वेगात पळणारे. असे जोड कमीच जुळतात. किंमत ७९९ डॉलर.

त्यात हे चिपलेट बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या त्याच ७ नॅनोमीटर तंत्रावर नव्या एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन या गेमिंग यंत्रांसाठीच्या एएमडीच्याच चिपाही बनत होत्या, आणि दोन्ही यंत्रं पुढच्याच आठवड्यात बाजारात आली. एक्सबॉक्स सिरीज एक्सची चिप ३६० चौरस मिलिमीटरची. एका चिपेत साडेचार चिपलेटांचं सिलिकॉन गेलं.

तेव्हा माल दाबला, हे काही पटत नाही. पण मोजकंच सिलिकॉन असताना ते कशावर खर्चायचं, हे कंपनीच ठरवते. आणि उतारा सुधारत जातो तसे अर्धवट बिघडलेले चिपलेट कमी निघतात. मग स्वस्त मॉडेलसाठी चांगले कोअर बंद करावे लागतात. तुटवड्यात ते कोण करेल? रायझन ५००० मधला सुरुवातीचा सर्वांत स्वस्त प्रोसेसर २९९ डॉलरचा होता. १९९ डॉलरचा ५६०० उगवला तो एप्रिल २०२२ मध्ये.