गळाची हौशी मासेमारी (रंकाळा, कोल्हापूर)

घराजवळच्या तलावाच्या काठी बसून, पोटासाठी नव्हे तर हौसेखातर गळ टाकून मासे धरण्याचा प्रघात. तलाव असलेल्या बहुतेक गावांत तो दिसतो. कोकणात आणि गोव्यात याला ‘गरवणे’ म्हणतात, देशावर ‘गळ टाकणे’. कोल्हापुरात या हौसेची ठिकाणे म्हणजे रंकाळा, शहराच्या दक्षिणेचा कळंबा तलाव आणि विद्यापीठाच्या बाजूचा राजाराम तलाव. तिन्हींत रंकाळा सर्वांच्या पायाखालचा. ही मुळात दगडाची खाण; भूकंपाने तिच्यात पाणी आले अशी आख्यायिका आहे. काठावर १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस उभा आहे. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी असते. गळवाला तिच्यापासून लांब, घाटाच्या कडेला किंवा गवताळ काठावर जागा धरतो.

साहित्य फार लागत नाही. रिळाची काठी घेऊन येणारे थोडे. बरेच जण प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीभोवती तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, गुंडाळून आणतात. टोकाला गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा आणि त्याहून वर बूच, थर्माकोल किंवा मोरपिसाची दांडी. बाटली डाव्या हातात आडवी धरायची, उजव्या हाताने शिसे गरगर फिरवून सोडायचे, की तंगूस आपोआप सुटत जाते. आमिष म्हणून गांडूळ, कणकेची गोळी किंवा पाव. कणीक घट्ट मळावी लागते; सैल गोळी पाण्यात पडताच विरघळते आणि माणूस रिकाम्या गळाकडे बघत बसतो. खरे कौशल्य बूच वाचण्यात आहे. ते नुसते थरथरत असेल तर मासा आमिष टोकरतो आहे. तिरके होऊन सरकू लागले किंवा सरळ खाली गेले, की झटका द्यायचा. नवखा माणूस पहिल्या थरथरीलाच ओढतो.

गळाला सर्वांत जास्त येते ती चिलापी, म्हणजे तिलापिया. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो १९५२ साली आणला गेला. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले मोठ्या संख्येने वाचतात. उबदार पाण्यात ती वर्षातून अनेकदा विते. सांडपाणी मिसळलेले, प्राणवायू कमी असलेले पाणीही तिला चालते. गर्दी वाढली की अन्न पुरत नाही आणि तळहाताएवढे मासेच हाती लागतात. तोंड लहान असल्याने गळही लहानच हवा. पाठीचे काटे टोचतात, म्हणून तिला डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत, काटे दाबूनच धरावे लागते.

रोहू, कटला आणि मृगळ यांचे गणित उलटे. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. वाहत्या, पुराच्या पाण्याशिवाय ते सहसा अंडी घालत नाहीत. तलावात ते दिसतात ते बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, सोडल्यामुळे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यानुसार बुचाचे अंतर बदलतात. मरळ हा इथला जुना रहिवासी. तो वर येऊन हवा घेतो आणि आपल्या पिलांच्या थव्याची राखण करतो. अशा वेळी त्याला गळाला लावणे म्हणजे अख्खा थवा निराधार करणे, हे जाणते गळवाले नव्या पोरांना बजावतात. आफ्रिकन मांगूर मात्र सापडला तर पुन्हा पाण्यात सोडू नये. या खादाड माशाच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे.

गळाला काय लागते यावरून तलावाची तब्येत बऱ्यापैकी कळते. एखाद्या काठावर महिनोन्महिने फक्त चिलापीच येत असेल, तर सांडपाण्याची शंका घ्यायला जागा आहे. रंकाळ्यात भोवतालच्या वसाहतींचे सांडपाणी आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी, या जुन्या तक्रारी आहेत. शेवाळ माजले की रात्री पाण्यातला प्राणवायू घटतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करतात. अशा सकाळी गळ टाकून उपयोग नसतो, मासा आमिषाकडे बघतही नाही.

उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर मासा चांगला लागतो. पावसाच्या सुरुवातीला हौशी मंडळी तलाव सोडून ओढ्या-नाल्यांकडे चढणीचे, म्हणजे नव्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे धरायला जातात. श्रावणात काठ ओस पडतो. घरी मासे शिजत नाहीत, मग धरून करायचे काय? तरीही काही जण येतात आणि धरलेला मासा सोडून देतात.

तलावातील मासेमारीचा हक्क जलाशयाच्या मालक संस्थेकडे असतो. पुष्कळ ठिकाणी तो ठेक्याने मच्छिमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. ज्यांनी पैसे मोजून बोटुकली सोडली, त्यांच्या उत्पन्नातून हौशी माणूस मासे काढत असतो. म्हणून जिथे ठेका आहे तिथे विचारूनच बसावे. पाण्यात विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. तुटलेल्या तंगुसाबद्दल मात्र काठावर कोणी बोलत नाही. ते कुजत नाही आणि बगळ्यांच्या, पाणकोंबड्यांच्या पायांत अडकते. अडकलेला गळ सोडवता आला नाही तरी निदान हाती राहिलेले तुकडे घरी न्यावेत.

पकडलेल्या माशाचे पुढे काय होते, हे घराघरावर अवलंबून. कोल्हापूर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे, म्हणजे मटणाचे शहर. तळहाताएवढ्या चिलाप्या साफ करत बसायला स्वयंपाकघरात फारसे कोणी उत्सुक नसते. साचलेल्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो. तो घालवण्यासाठी हळद-मीठ चोळून चिंचेच्या कोळात ठेवतात आणि कडक तळतात. सांडपाणी उघडपणे मिसळते त्या भागातला मासा खाऊ नये. तळल्याने जंतू मरतात, पाण्यातून माशात उतरलेले जड धातू जात नाहीत.